हाताला न लागणारा

बाबांची शेड रिकामी करायला तीन रविवार लागले.
गंजलेले स्क्रू, शर्यतीच्या कबुतरांचं पितळी घड्याळ,
आणि खिडकीशी मुरंब्याच्या चार बरण्या,
प्रत्येकीवर इडवाल प्रॉबर्टच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी.

पहिलीत डोंगरावरचं पीट.
नखाने उकललं तर शेवाळाचा देठ न् देठ मोजता येतो.
'ह्याला कोळसा म्हणायचं?' मी लहानपणी विचारायचे.
'म्हणायचं नाही, तेगवेन. वाट बघायची.'

मेलेल्याला कुजू द्यायचं नाही,
सुरुवातीला एवढंच लागतं.
साचलेलं पाणी, आणि पाण्याखाली हवा नसणं.
झाडावर झाड पडत राहतं,
त्यावर नदी गाळाची गोधडी टाकते,
पुन्हा रान, पुन्हा गाळ.
आमचं वेल्स तेव्हा विषुववृत्तावर होतं म्हणे.
खरं वाटत नाही; इथे ऑगस्टातही शेगडी पेटते.
पण बाबांनी खाणीच्या छताला पाहिली होती
त्या रानातली साल, माशासारखी खवलेदार.
दिव्याच्या उजेडात हात लावला, म्हणाले,
आणि पाट्या भरायला लागलो. मुकादम बघत होता.

दुसरी बरणी जर्मनीची.
युनियनच्या सहलीहून, कोटाच्या खिशातून आणलेली.
तपकिरी, ठिसूळ, एका अंगाला लाकडाच्या रेषा तशाच.
लिग्नाइट. खिशात टाकला तेव्हा ओला होता,
घरी येईतो सुकून तडकला, अस्तराची माती झाली.
आई म्हणाली, लोक परदेशातून अत्तर आणतात.

तिसरी रिकामी.
चिठ्ठी आहे: 'बिट्युमिनस, पूर्वेकडचा, चकचकीत.'
पंच्याऐंशीचा फेब्रुवारी, संपाचा शेवटचा महिना.
पिवळी ज्योत, डांबराचा वास, पाच-सहा मिनिटांची ऊब.
आम्ही कुणी विचारलं नाही,
त्यांनी कबूल केलं नाही.

चौथी आमची. नंत-अ-व्रान, कावळ्याच्या ओढ्याची खाण.
ग्लो कारेग म्हणायचे आमच्याकडे, दगडी कोळसा;
पुस्तकात अँथ्रासाइट.
हाही कधीतरी शेवाळासारखाच मऊ होता.
मग जमीन जमिनीवर चालून आली, डोंगर उठले,
आणि खाली, तापलेल्या अंधारात,
ह्याच्यातलं आधी पाणी गेलं,
मग वायू गेला,
मग जळताना धूर करील असं काही उरलंच नाही.
उशिरा पेटतो. पेटला की रात्रभर बोलत नाही.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
मी तो तुकडा पांढऱ्या बाहीवर घासला.
काही नाही.
पुन्हा घासला, जोर लावून.
बाही पांढरीच.
बाबा घरी यायचे ते काळेच, अर्थात;
ती धूळ असते, खडा नव्हे.
धूळ साबणाने जायची. सगळी जाते असं वाटायचं.

लानेलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
फिल्म उजेडाला धरली.
छातीचा काळा चौकोन,
आणि त्यात विखुरलेले ठिपके, पांढरे,
हिमाचे पहिले कण पडावेत तसे.
'हे काय?' मी विचारलं.
बाबाच म्हणाले, 'कोळसा.'
मग खोकले, आणि हसले,
की हसले आणि मग खोकले,
आता आठवत नाही.

दगडीचा तुकडा मी पर्समध्ये टाकला.
लिग्नाइटचा चुरा गुलाबाच्या मुळाशी घातला,
चांगलं की वाईट, माहीत नाही.
रिकामी बरणी धुतली नाही.

पीट कडेने सुकत चाललं होतं.
त्यात दोन चमचे पाणी घातलं,
हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट फिरवलं,
आणि खिडकीत होतं तिथेच ठेवलं,
चिठ्ठी बाहेरच्या बाजूला करून.